बारास एक

आमच्या सांगलीच्या घरी पहिला फ्रीज आला तेव्हा मी तिसरीत होतो, आणि त्या फ्रीजच्या दारात पाण्याची बाटली म्हणून जी उभी राहिली ती जॉनी वॉकरची होती. अण्णांच्या कारखान्यातले एक जण मस्कतला नोकरीला गेले होते, ते सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी आणलेली, सहा जणांनी मिळून एका रात्रीत संपवली आणि रिकामी बाटली अण्णांच्या पिशवीतून आमच्याकडे आली. आईने ती सोडा घालून गरम पाण्याने तीनदा धुतली, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, तरी आजीने तिच्यातलं पाणी शेवटपर्यंत प्यायलं नाही, ती आपली माठातलंच प्यायची. चौकोनी असल्यामुळे बाटली दाराच्या कप्प्यात अशी बसायची की दार कितीही आपटा, हलायची नाही. मी बारावी होईपर्यंत ती होती. खूप नंतर वाचलं की कंपनीने बाटली चौकोनी केली ती ह्याचसाठी, पेटीत जास्त मावाव्यात आणि जहाजातून जाताना कमी फुटाव्यात.

म्हणजे स्कॉच, स्कॉटलंडची व्हिस्की, आमच्या घरात आधी बाटली म्हणून आली आणि दारू म्हणून फार उशिरा. अण्णांच्या पगारात ती बसतच नव्हती, त्यांनी उभ्या आयुष्यात जी काय चारपाच वेळा घेतली असेल ती दुसऱ्या कुणीतरी परदेशातून आणलेली. माझ्या पगारात बसते, पण कुठलीही आणि कधीही नाही. घराचा हप्ता, मुलीची फी, गावाकडचं सगळं जाऊन दोन-अडीच महिन्यांत एक बाटली, अडीच-तीन हजारांच्या आतबाहेर, एवढं माझं गणित. ह्या पैशात चांगली स्कॉच मिळते, अगदी मनापासून आवडावी अशी मिळते, हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली आणि मधे एकदा चांगले पैसे घालवून बसलो, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

ते पैसे घालवल्याचं आधी सांगतो. प्रमोशन झालं होतं, ऑफिसात एक सीनियर होते, ते म्हणायचे ब्लेंड काय पितोस, प्यायची तर सिंगल माल्ट, बाकी सगळं पाणी. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीतली, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची, आणि ब्लेंड म्हणजे अनेक भट्ट्यांच्या मिसळून केलेली. मी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो, तिथल्या माणसाला सांगितलं की पहिलीच सिंगल माल्ट आहे, चांगली द्या, आणि त्याने आयला बेटावरची एक दिली. आयला म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं छोटं बेट, तिथे बऱ्याच ठिकाणी बार्ली वाळवताना पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं गवत-शेवाळ, त्याचा धूर बार्लीत उतरतो आणि तिथून व्हिस्कीत. ज्याला तो आवडतो तो त्याच्यासाठी जीव टाकतो हे मला आता माहितेय. पण त्या रात्री मी पहिला घोट घेतला तेव्हा मला दवाखान्याची आठवण झाली, जखमेवर लावतात त्या औषधाची आणि जळक्या दोरखंडाची. बायकोने नुसता वास घेऊन ग्लास परत दिला. दीड महिन्याच्या किराण्याएवढी ती बाटली होती, आणि तिच्यातले दोन पेग कमी होऊन ती कपाटावर गेली ती तिथेच राहिली.

तेव्हा मला वाटलं की आपल्याला स्कॉच कळत नाही. हे वाटणं फार वाईट असतं, कारण माणूस मग एकतर नाद सोडतो नाहीतर न आवडणारी गोष्ट आवडते म्हणायला शिकतो. मी दोन्ही केलं नाही ह्याचं कारण अण्णा, आणि अण्णांचा चहा.

कारखान्यात लागायच्या आधी अण्णा सहा वर्षं सांगलीत एका चहा डेपोत कामाला होते. ज्यांनी असे डेपो बघितलेत त्यांना सांगायला नको, पत्र्याचे मोठे डबे, एकात डस्ट म्हणजे बारीक भुकटी, एकात ममरी म्हणजे दाणेदार, एकात मोठी पत्ती, आणि प्रत्येक घराचं मिक्स्चर वेगळं. डस्टने रंग आणि कडकपणा, ममरीने दाटपणा, मोठ्या पत्तीने वास. कुणाचं तीनास एक, कुणाचं दोनास एक, कुणाला डस्ट अजिबात नको. अण्णा तागडीत मोजून तपकिरी कागदावर ओतायचे, हाताने वरखाली करायचे, मूठभर उचलून वास घ्यायचे आणि पुडा बांधायचे. ते सांगतात की सगळ्यात अवघड काम म्हणजे डेपोचं स्वतःचं मिक्स्चर, कारण आसामहून येणारा माल दर खेपेला थोडा वेगळा, एकदा कडक एकदा फिका, आणि गिऱ्हाइकाला मात्र चव दर महिन्याला तीच पाहिजे. मग माल बदलला की मापं बदलायची, म्हणजे चव बदलत नाही.

स्कॉचमधला ब्लेंड म्हणजे अगदी हेच आहे, आणि हे मी उपमा म्हणून म्हणत नाहीये. ब्लेंड बनवायला सुरुवात केली ती बऱ्याच अंशी वाण्यांनीच. जॉन वॉकर हा स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावातला किराणा दुकानदार, वडील १८१९ मध्ये गेले, शेत विकलं गेलं आणि त्या पैशातून १८२० मध्ये पोराला दुकान घालून दिलं गेलं, चहा, मसाले, वाइन, व्हिस्की असं सगळं तिथे मिळायचं. त्याचा मुलगा अलेक्झांडर ग्लासगोला एका चहाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करून ब्लेंडिंग शिकून आला. शिवास बंधू हे ॲबर्डीनचे किराणावाले, जॉर्ज बॅलंटाइनने १८२७ मध्ये एडिंबरात किराणा दुकान टाकलं. त्या काळात एकेका भट्टीची माल्ट व्हिस्की दर खेपेला वेगळी निघायची, कधी फार जहाल, कधी बरी. १८३० मध्ये एनियस कॉफी नावाच्या माणसाने, जो आधी डब्लिनला अबकारी अधिकारी होता, सतत चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं, तिच्यातून गहू-मक्याची हलकी, स्वस्त ग्रेन व्हिस्की निघायला लागली. १८६० च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेन कर भरायच्या आधीच, गोदामात एकत्र करायची परवानगी मिळाली, आणि मग ह्या दुकानदारांनी आपापली मिक्स्चरं बसवली. माल्ट म्हणजे आपली मोठी पत्ती समजा, ग्रेन म्हणजे बाकी सगळं एकत्र धरून ठेवणारं.

व्हॅट ६९ ची गोष्ट तर मला ह्यासाठीच फार आवडते. एडिंबराजवळच्या लीथ बंदरातल्या विल्यम सँडरसनने १८८२ मध्ये शंभरेक वेगवेगळी मिक्स्चरं करून शंभर पिंपांत भरली, जाणकारांना बोलावून चाखायला दिली, आणि एकोणसत्तर नंबरचं पिंप सगळ्यात चांगलं ठरलं. तेच नाव.

हे कळल्यावर माझ्या मनातली ती भेसळवाली भावना गेली. ब्लेंड म्हणजे महागात पाणी घालून केलेली स्वस्त गोष्ट नव्हे. साध्या माणसाला परवडावी आणि दर वेळी तशीच लागावी म्हणून कुणीतरी आयुष्य घालून बसवलेली ती चव असते, आणि जगात जी स्कॉच विकली जाते तिच्यातली बहुतेक ब्लेंडच असते.

आता दुकानात काय बघायचं. सगळ्यात आधी लेबलावर 'स्कॉच व्हिस्की' हे शब्द सरळ आहेत का ते. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या खपाच्या बाटल्यांवर लिहिलेलं असतं की ह्यात स्कॉच माल्ट मिसळलेत, आणि ते खरंही असतं, पण मूळ स्पिरिट इथलं असतं, कधी धान्यापासूनचं, कधी मळीपासूनचं, त्यामुळे ती स्कॉच होत नाही. ब्लेंडर्स प्राइड, रॉयल स्टॅग, सिग्नेचर ह्या त्या वर्गातल्या. त्या प्याव्यात की नाही हा प्रश्न वेगळा, मी कॉलेजनंतर कितीतरी वर्षं त्याच घेतल्या, फक्त स्कॉच समजून पैसे देऊ नयेत. स्कॉच म्हणायचं तर कायदा कडक आहे: स्कॉटलंडमध्येच गाळलेली, तिथेच ओकच्या पिंपात, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नाही, किमान ३ वर्षं ठेवलेली, भरताना अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली न गेलेली, आणि वरून काय घालायचं तर पाणी आणि साधा कॅरमेलचा रंग, बस. म्हणजे सगळ्यात स्वस्त स्कॉचलासुद्धा ही हमी असतेच. रंग घालता येतो म्हणून गडद दिसली की जुनी असणार हे मनातून काढून टाका, दुकानात उजेडाला बाटली धरून बघणारे लोक मी बघतो तेव्हा मला जाऊन सांगावंसं वाटतं.

वय लिहिलं असेल, समजा १२ वर्षं, तर ते आतल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं वय. सरासरी नाही, सगळ्यात मोठ्याचंही नाही. स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात, त्यामुळे जास्त वर्षं म्हणजे कमी माल आणि जास्त किंमत हे बरोबरच आहे. पण वय लिहिलेलं नाही म्हणजे वाईट असंही नाही. माझ्या बजेटमधल्या बहुतेकांवर ते नसतंच.

दुसरी गोष्ट, बाटली कुठे भरलीये. हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. काही स्कॉच तिकडेच बाटलीत भरून येतात, काही मोठ्या प्रमाणात सुट्ट्या येतात आणि इथे बाटलीत भरतात. दारू तीच, स्कॉटलंडमध्येच मुरलेली, फक्त बाटली, खोका, झाकण, वाहतूक हे इथलं, आणि आयात कर लागतो तो सुट्ट्या मालाच्या किमतीवर, म्हणून ती बरीच स्वस्त पडते. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, हंड्रेड पायपर्स, व्हॅट ६९, ब्लॅक डॉग ह्या अशा इथे भरलेल्या मिळतात. त्यांच्यावर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, तो विचित्र आकडा कुठून आला म्हणून मी शोधलं तर ब्रिटिशांच्या कडकपणाच्या जुन्या 'प्रूफ' मोजणीतलं ७५ म्हणजे आजचे ४२.८, गोरे गेले, माप राहिलं. म्हणजे तिकडच्या ४० वाल्यापेक्षा ही थोडी कडकच. सिंगल माल्ट मात्र अशी इथे भरता येत नाही, २०१२ पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हायला लागते, म्हणून सिंगल माल्टमध्ये आपण चवीबरोबर तिकडच्या बाटलीचे, नळकांड्याचे आणि त्या सगळ्यावरच्या कराचेही पैसे देतो.

कराचं थोडक्यात सांगतो कारण भाव विचारणारे खूप असतात. केंद्राचा आयात कर कित्येक वर्षं १५० टक्के होता, वर राज्याचं वेगळं. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं तेव्हा फरक एकदम दिसला होता. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर जो करार झाला त्यात १५० चे आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० असं ठरलंय. पण त्यावरून दुकानातला भाव अर्धा होईल असं कुणी धरू नये, राज्याचे कर आहेतच. मी भाव मुद्दाम लिहीत नाही, राज्याराज्यात वेगळे असतात.

आता माझी निवड. मला विचाराल तर ह्या पैशात टीचर्स. ग्लासगोच्या विल्यम टीचरच्या घराण्याची, 'हायलँड क्रीम' हे नाव १८८४ मध्ये नोंदवलेलं, आणि तिच्या पोटात आर्डमोर डिस्टिलरीची माल्ट असते जी ह्याच घराण्याने १८९८ मध्ये ह्या ब्लेंडसाठी काढली. आर्डमोरमध्ये पीटचा धूर असतो, पण आयलासारखा औषधी नाही. मी पहिल्यांदा टीचर्स नीट लक्ष देऊन प्यायलो तेव्हा मला आठवली ती हुरड्याची आगटी, शेणीच्या निखाऱ्यात कणसं भाजून बाहेर काढल्यावर हाताला जो वास राहतो तो, आणि मागे थोडं गोड. हे इतकं ओळखीचं होतं की मी आईला फोन करून विचारलं ह्या वर्षी हुरडा कधी आहे. ज्यांना धूर अजिबात नको त्यांनी ब्लॅक अँड व्हाइट घ्यावी, मऊ आहे, खरपूस बिस्किटासारखी, पहिल्यांदा घेणाऱ्याला घाबरवत नाही. हंड्रेड पायपर्स सोड्याबरोबर छान, नुसती मला थोडी पातळ वाटते. ब्लॅक डॉग ठीक. कुणी परदेशातून येत असेल आणि विचारत असेल काय आणू, तर ड्यूटी फ्रीमधली जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल एक लिटरची, १२ वर्षांची, तिच्यात धूर, मनुका, गोडवा सगळं इतकं मापात आहे की ते मिक्स्चर करणाऱ्याला नमस्कार करावा. माणशी दोन लिटर आणता येते. सिंगल माल्ट वर्षातून एकदा घ्यायचीच असेल तर धुराने सुरुवात करू नका, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली घ्या, ग्लेन ग्रँट किंवा ग्लेनलिव्हेट, हिरव्या सफरचंदाच्या, पेरूच्या बाजूच्या.

एक सावधगिरी. स्कॉचच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारात चांगला भाव मिळतो आणि त्यातल्या काही पुन्हा भरून फिरतात. म्हणून परवान्याच्या दुकानातूनच घ्यायची, सील आणि उत्पादन शुल्क खात्याचं होलोग्राम बघायचं, 'ओळखीतून स्वस्तात आर्मीची' वगैरेच्या मागे लागायचं नाही, आणि संपलेल्या बाटलीचं लेबल मी फाडून मगच देतो. आमच्या फ्रीजमध्ये एक नऊ-दहा वर्षं राहिली तशी आता कुणाकडे राहत नाही.

आणि प्यायची कशी, तर ह्यात जो तो शहाणा असतो, पण मला पाण्याबद्दल बोलायचंच आहे. पाणी घातलं तर खराब होते म्हणणारे चुकीचं सांगतात. धुराचा वास देणारा ग्वायकॉल नावाचा एक रेणू असतो, स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की पाणी घातल्यावर तो रेणू वरच्या थराकडे जास्त येतो, म्हणजे नाकाजवळ. तुम्ही घरी करून बघा, साठ मिलीत आधी एक चमचा साधं पाणी, बर्फ नको, बर्फाने वास बसतो. दहा मिनिटं ग्लास तसाच ठेवा. चकना म्हणून खारे दाणे नाहीतर भाजलेले काजू, तिखट शेव आणि कांदा-लिंबू मारलेलं काही घेतलं की मग बाटली कुठलीही असो, एकच लागते. आणि दोन पेगवर थांबायचं. चांगली असली की थांबता येतं हा माझा अनुभव आहे.

मागच्या दिवाळीत अण्णा-आई पुण्यात आले होते. अण्णा आता शहात्तर वर्षांचे आहेत, डॉक्टरांनी सणासुदीला एखादा चालेल म्हटलंय. कपाटावरची पणत्यांची पेटी काढताना त्यांना ती आयलाची बाटली दिसली.

"ही अशी का पडलीये?"

मी सांगितलं, आवडली नाही, औषधासारखी लागते. त्यांनी बूच काढून वास घेतला. डेपोत मूठभर चहा उचलून घ्यायचे तसाच, डोळे मिटून, दोनदा.

"वास वाईट नाहीये रे. जास्त आहे."

मग त्यांनी घरात दुसरी कुठली आहे विचारलं. ब्लॅक अँड व्हाइट होती. मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण मागवलं, आईने ते आधी धुऊन दिलं आणि काय चाललंय ते बघायला तिथेच बसली. साठ मिली साधी, तिच्यात दहा मिली आयलाची. चाखली, मान हलवली, जास्त. पुन्हा नवीन ग्लास, साठला पाच. ह्या वेळी ते काही बोलले नाहीत, ग्लासवर बशी झाकून ठेवली.

"मुरू दे जरा. मिक्स्चर केल्या केल्या पुडा बांधला की चहा वेगवेगळा लागायचा, डब्यात रात्रभर राहिला की एक व्हायचा."

मी त्यांना सांगितलं की तिकडेही असंच करतात, मिसळल्यावर काही दिवस पुन्हा पिंपात ठेवतात आणि त्याला लग्न लावणं म्हणतात. त्यांना ते फार आवडलं. अर्ध्या तासाने आम्ही दोघांनी एक एक घोट घेतला. ती दवाखान्याची बाटली कुठेच नव्हती, ब्लॅक अँड व्हाइटचा मऊपणा तसाच होता आणि शेवटी कुठूनतरी लांबून, शेतापलीकडे कुणीतरी काहीतरी भाजत असल्यासारखा धूर येत होता. इतकी वर्षं मी जी पूर्ण ग्लासभर प्यायची गोष्ट समजत होतो ती माझ्यासाठी चमचाभर घालायची होती.

अण्णांनी मधाची रिकामी बरणी घेऊन तिच्यात सगळं मोजून भरलं, कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि त्यांच्या डेपोच्या अक्षरात लिहिलं, १२:१, दिवाळी. मी दोन महिने ती पुरवली. कपाटावरची बाटली आता खाली आली आहे, स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी.

परवा सांगलीहून फोन होता. तब्येत, पाऊस, सोयाबीनचा भाव सगळं झाल्यावर म्हणाले, "ते मिक्स्चर संपलं असेल ना? ह्या वेळी टीचर्समध्ये घालून बघ. पण बारास एक नको हं, विसास एक पुरे, तिच्यात आधीच आहे."